एएस ७३४१ रंगपट सेन्सर मायक्रोकंट्रोलरला जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं एएमएस ओसराम कंपनीच्या एएस ७३४१ या चिपबद्दल आहेत. ॲडाफ्रूट, स्पार्कफन, डीएफरोबोट, वेव्हशेअर अशा अनेकांनी ती छोट्या बोर्डावर बसवून बाजारात आणली आहे. बोर्ड कुठलाही असला तरी आतली चिप तीच, त्यामुळे पुढची बहुतेक उत्तरं सगळ्यांना लागू पडतात.

हा खरा स्पेक्ट्रोमीटर आहे का?

नाही, आणि ही गोष्ट आधीच नीट समजून घेतली तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. खऱ्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये जाळी किंवा लोलक प्रकाश पसरवतो आणि शेकडो बिंदूंवर तो मोजला जातो. इथे चिपवरच्या प्रकाशसंवेदी ठिपक्यांवर वेगवेगळे रंगगाळणे बसवलेले आहेत. दृश्य प्रकाशात आठ चॅनल मिळतात. त्यांचे मध्य असे: एफ१ ४१५, एफ२ ४४५, एफ३ ४८०, एफ४ ५१५, एफ५ ५५५, एफ६ ५९०, एफ७ ६३० आणि एफ८ ६८० नॅनोमीटर. शिवाय गाळणं नसलेला ‘क्लिअर’ चॅनल, ९१० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त चॅनल आणि दिव्याची लुकलुक ओळखणारा एक वेगळा चॅनल.

प्रत्येक चॅनलची खिडकी बरीच रुंद आहे. निम्म्या उंचीवर मोजली तर एफ१ची सुमारे २६ नॅनोमीटर, एफ८ची ५२. त्यामुळे सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या जोडरेषा वेगळ्या दिसणार नाहीत, लेझरची तरंगलांबी दशांशात कळणार नाही. पण दोन दिवे सारखे आहेत का, द्रावणाचा रंग किती गडद झाला, फळाच्या सालीतलं हरितद्रव्य कमी होतंय का, या प्रश्नांना तो चांगली उत्तरं देतो.

मग दुसरा कुठला सेन्सर घ्यावा का?

कामावर अवलंबून आहे. फक्त लाल-हिरवा-निळा एवढंच हवं असेल तर टीसीएस ३४७२५ पुरतो आणि स्वस्त पडतो. झाडांच्या पानांवर अवरक्त भागात काम करायचं असेल तर एएस ७२६५एक्स हा तीन चिपांचा संच बघा. त्यात ४१० ते ९४० नॅनोमीटरमध्ये १८ चॅनल आहेत आणि प्रत्येकाची खिडकी सुमारे २० नॅनोमीटरची. हामामात्सूचा सी १२८८०एमए हा खराखुरा छोटा स्पेक्ट्रोमीटर आहे, २८८ पिक्सेलचा, ३४० ते ८५० नॅनोमीटरचा. पण त्याची किंमत कितीतरी पट जास्त. नुसत्या वर्णरेषा डोळ्यांनी बघायच्या असतील तर जुन्या डीव्हीडीचा तुकडा आणि वेबकॅम यांची जोडी या सेन्सरपेक्षा सरस ठरते, कारण डीव्हीडीवर मिलिमीटरला सुमारे १३५० रेघा असतात.

शिकायला, नोंदी ठेवायला आणि ‘कालच्यापेक्षा आज काय बदललं’ हे बघायला एएस ७३४१ आमच्या मते सगळ्यांत योग्य.

जोडणी कशी करायची?

आयटूसी ही चिपांनी दोन तारांवरून एकमेकींशी बोलायची पद्धत. विजेच्या दोन धरून चार तारा: व्होल्टेज, जीएनडी (वीज परतायची), एसडीए (माहितीची), एससीएल (ठेका देणारी). अर्डुइनो उनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५. नेहमीच्या ईएसपी३२ बोर्डावर २१ आणि २२. रास्पबेरी पाय पिकोवर अर्डुइनो वापरत असाल तर जीपी४ आणि जीपी५. क्विक किंवा स्टेमा क्यूटी सॉकेट (झाळ न लावता तार खोचायची जागा) असेल तर तारांचे रंग ठरलेले असतात: काळी जीएनडी, लाल ३.३ व्होल्ट, निळी एसडीए, पिवळी एससीएल.

एक गोष्ट मात्र जोडण्याआधीच तपासा. चिप स्वतः १.८ व्होल्टवर चालते. चांगल्या बोर्डांवर रेग्युलेटर आणि व्होल्टेजची पातळी बदलणारं सर्किट असतं, म्हणून ते ३.३ किंवा ५ व्होल्टला जोडता येतात. स्वस्तातला, नाव नसलेला बोर्ड घेतला असेल तर त्याच्यावर रेग्युलेटर आहे का ते बघा. नुसत्या चिपला थेट ३.३ व्होल्टची वीज दिली तर ती जळू शकते.

तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब तारांनी आयटूसी अडखळतं. लांबी टाळता येत नसेल तर वेग ४०० किलोहर्ट्झवरून १०० वर आणा.

लायब्ररी कुठली?

अर्डुइनोच्या लायब्ररी मॅनेजरमध्ये ‘ॲडाफ्रूट एएस ७३४१’ शोधा, सोबत मागितली जाणारी ‘बसआयओ’ही घ्या. ती इतर कंपन्यांच्या बोर्डांवरही चालते. सुरुवातीला त्यातलं सगळे चॅनल वाचणारं उदाहरण जसंच्या तसं चालवा, त्यात काही बदलू नका. आकडे दिसले की मगच स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घ्या.

सेन्सर सापडतच नाही. काय करू?

आधी आयटूसी स्कॅनर चालवा. पत्ता हेक्स ३९, म्हणजे दशमानात ५७ दिसला पाहिजे.

काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा एसडीए-एससीएल उलटे असतात किंवा जीएनडीची तार ब्रेडबोर्डमध्ये नीट बसलेली नसते. पट्टीचे पाय नुसतेच भोकांत खोचून, झाळ न लावता बोर्ड वापरणं हेही फार वेळा सापडणारं कारण. झाळ लावाच.

३९ दिसतो पण लायब्ररी ‘सेन्सर नाही’ म्हणते, असंही होतं. एपीडीएस ९९६० हा हातवारे ओळखणारा सेन्सर आणि टीएसएल २५६१ हा प्रकाशमापक, दोघांचाही नेहमीचा पत्ता हाच आहे. चिपची ओळख हेक्स ९२ या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या नोंदीच्या जागेत, असते. तिथून हेक्स २४ मिळालं तर ती एएस ७३४१ आहे.

पत्ता बदलता येत नाही. एकाच बसवर, म्हणजे त्याच आयटूसी तारांवर, दोन सेन्सर हवे असतील तर टीसीए ९५४८ए हा आठ वाटांचा मल्टिप्लेक्सर लागतो.

बारा आकडे येतात, पण चॅनल तर दहाच आहेत ना?

चिपमध्ये एडीसी, म्हणजे प्रकाशाच्या संकेताचा आकडा करणारे भाग, सहाच आहेत. म्हणून वाचन दोन फेऱ्यांत होतं. पहिल्या फेरीत एफ१ ते एफ४, क्लिअर आणि अवरक्त. दुसऱ्या फेरीत एफ५ ते एफ८ आणि पुन्हा क्लिअर, अवरक्त. त्यामुळे यादीतले पाचवे-सहावे आकडे म्हणजे क्लिअर आणि अवरक्त, एफ५ आणि एफ६ नव्हेत. ही गल्लत झाली की ५५५च्या जागी क्लिअरचा प्रचंड आकडा येतो आणि आलेखात नसलेलं शिखर उभं राहतं. यादीत स्थान शून्यापासून मोजतात, म्हणून आलेख काढताना ४ आणि ५ ही स्थानं वगळा. उदाहरणातल्या प्रोग्रॅममध्ये तेच केलेलं आहे.

दुबार आलेले आकडे टाकून मात्र देऊ नका. दोन फेऱ्यांमध्ये प्रकाश बदलला, एखादा ढग आला, हात मध्ये आला, तर एफ४ आणि एफ५ यांच्यात खोटी पायरी दिसते. दोन्ही क्लिअर आकडे ताडून बघा. फरक दोन-तीन टक्क्यांहून जास्त असेल तर ते वाचन सोडून द्या.

स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी: कुठला ठिपका कुठल्या एडीसीला जोडायचा हे वीस बाइटच्या स्विच तक्त्यात लिहावं लागतं. तो लिहिताना मोजणी बंद असायला हवी, नाहीतर जुनीच जोडणी राहते आणि दोन्ही फेऱ्यांत तेच आकडे येतात.

मोजणीचा वेळ आणि गेन किती ठेवू?

वेळ दोन आकड्यांनी ठरतो, एटाइम आणि एएस्टेप. सूत्र:

वेळ = (एटाइम + १) × (एएस्टेप + १) × २.७८ मायक्रोसेकंद

ॲडाफ्रूटच्या उदाहरणात एटाइम १०० आणि एएस्टेप ९९९ असतो, म्हणजे सुमारे २८१ मिलिसेकंद. फेऱ्या दोन, म्हणून पूर्ण वाचनाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. ‘सेन्सर फार हळू आहे’ या तक्रारीचं मूळ इथे आहे.

घरातल्या प्रकाशासाठी एटाइम २९ आणि एएस्टेप ११९८ ठेवा. वेळ जवळजवळ नेमका १०० मिलिसेकंद येतो. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि एक लुकलुक १० मिलिसेकंदांची असते. मोजणीचा वेळ १० च्या पटीत असला की लुकलुकीची पूर्ण आवर्तनं मोजली जातात आणि आकडा स्थिर राहतो. तोच वेळ ५ किंवा ७ मिलिसेकंद ठेवला तर त्याच दिव्याखाली आकडे नाचत राहतात आणि माणूस तारा तपासत बसतो. अमेरिकेत किंवा ६० हर्ट्झच्या इतर देशांत असाल तर ८.३३ मिलिसेकंदांची पट धरा. १०० मिलिसेकंद तिथेही बरोबर बारा आवर्तनांत बसतात.

गेन, म्हणजे आलेला संकेत किती पट वाढवायचा तो आकडा, ०.५ पट ते ५१२ पट असतो आणि प्रत्येक पायरीला दुप्पट होतो. सर्वांत मोठा आकडा कमाल मर्यादेच्या ३० ते ८० टक्क्यांत येईल असा गेन निवडा. आपोआप गेन बदलणारा प्रोग्रॅम लिहिलात तर ८० टक्क्यांवर गेला की एक पायरी खाली, १० टक्क्यांखाली आला की एक वर, आणि बदलानंतरचं पहिलं वाचन फेकून द्यायचं.

आकडा ६५५३५ला पोचलेला नाही, तरी तो पुढे का सरकत नाही?

कारण कमाल मर्यादा दर वेळी ६५५३५ नसते. ती (एटाइम + १) × (एएस्टेप + १) इतकी असते आणि ६५५३५च्या वर जात नाही. २९ आणि ५९९ ही जोडी ठेवली तर मर्यादा १८,०००. वर सुचवलेल्या १०० मिलिसेकंदांच्या जोडीची मर्यादा ३५,९७०. १८,००० वर अडकलेला आकडा बघून ‘प्रकाश स्थिर आहे’ असा निष्कर्ष काढणं ही या सेन्सरवरची सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मर्यादेला टेकलेल्या प्रत्येक वाचनावर प्रोग्रॅमने खूण केलीच पाहिजे. ६५५३५ची पूर्ण मर्यादा हवी असेल तर मोजणीचा वेळ निदान १८२ मिलिसेकंद लागतो.

दोन चॅनल एकदम एकाच आकड्यावर दिसले, की लगेच संशय घ्या.

पांढऱ्या कागदावर सगळे चॅनल सारखे का येत नाहीत?

कारण प्रत्येक चॅनलची संवेदनशीलता वेगळी आणि दिव्याचा स्वतःचा रंगपटही सपाट नसतो. बोर्डावरच्या पांढऱ्या एलईडीचं मोठं शिखर ४५० नॅनोमीटरजवळ असतं, ४८०जवळ खळगा, मग पिवळ्या भागात रुंद टेकडी. ४२०च्या खाली आणि ७००च्या वर जवळपास काहीच नाही. म्हणून एफ१ कायम कमी येतो. तो सेन्सरचा दोष नव्हे.

नुसत्या कच्च्या आकड्यांना म्हणूनच फारसा अर्थ नसतो. अर्थ येतो तो पांढऱ्या नमुन्याशी केलेल्या भागाकाराने:

परावर्तन = (नमुना − अंधार) ÷ (पांढरा − अंधार)

अंधाराचं वाचन म्हणजे एलईडी बंद, बाकी सगळं जसंच्या तसं. तिन्ही वाचनांत गेन आणि वेळ एकच ठेवा. गेनची प्रत्यक्षातली पट छापील आकड्यापेक्षा थोडी इकडे-तिकडे असते, म्हणून ६४ पटीवर घेतलेला पांढरा आणि २५६ पटीवर घेतलेला नमुना यांचा भागाकार काही टक्क्यांनी चुकतो.

पांढऱ्या नमुन्यासाठी छपाईचा कागद घेऊ नका. त्यात उजळपणा आणणारी रसायनं असतात, ती अतिनील प्रकाश शोषून निळा बाहेर टाकतात. उन्हात मोजलं तर एफ२मध्ये कागद शंभर टक्क्यांहून पांढरा दिसतो. नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप पंधरा-वीस थर गुंडाळून सपाट चकती करा, किंवा कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून टेफ्लॉनचा सुमारे १० मिलिमीटर जाड तुकडा आणा. मळला की बारीक पॉलिशपेपरने ओला घासून घ्या.

त्याच वस्तूचं मोजमाप दर वेळी वेगळं येतं.

अंतर. जवळजवळ दर वेळी अंतरच असतं. वीस मिलिमीटरवरून नमुना एक मिलिमीटर जरी सरकला तरी त्याच्यावर पडणारा प्रकाश सुमारे १० टक्क्यांनी बदलतो. हातात धरून मोजू नका. प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा किंवा थ्रीडी प्रिंटरवर केलेली नळी वापरा, म्हणजे नमुना नेहमी एकाच जागी टेकेल. एलईडी तिरपा, सुमारे ४५ अंशांत, आणि सेन्सर सरळ वरून बघणारा ठेवला तर चकचकीत पृष्ठभागावरची चमक टळते. बोर्डावरचा एलईडी सेन्सरच्या शेजारीच असतो, म्हणून चकचकीत फळांवर किंवा प्लॅस्टिकवर बाहेरून लावलेला एलईडी बरा.

नळी आतून काळी करताना एक खाचखळगा आहे. डोळ्यांना काळे दिसणारे पुष्कळ रंग आणि कापडं अवरक्त प्रकाश छान परावर्तित करतात. अवरक्त चॅनल वापरणार असाल तर काळा रंग लावल्यावर त्याचंही परावर्तन मोजून बघा.

दुसरं कारण उष्णता. एलईडी गरम होतो तसा मंद होतो. लावल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. चिप स्वतः एलईडीला ४ ते २५८ मिलिअँपिअर देऊ शकते, पण बोर्डावरच्या छोट्या एलईडीला तेवढं सोसत नाही. १० ते २० मिलिअँपिअर पुष्कळ झाले. उरलेला थरथराट सरासरीने कमी करा: १६ वाचनांची सरासरी घेतली तर तो चौथ्या भागावर येतो.

सेन्सरवर काही झाकण लावावं का?

हो, आजूबाजूचा प्रकाश मोजायचा असेल तर लावायलाच हवं. गाळण्यांवरचे थर प्रकाश सरळ पडेल असं धरून बनवलेले आहेत. तिरपा प्रकाश आला की प्रत्येक चॅनलची खिडकी निळ्याकडे सरकते. सेन्सरसमोर दुधी ॲक्रिलिक किंवा टेफ्लॉन टेपचे तीन-चार थर ताणून लावा. प्रकाश बराच कमी होतो, तो गेन वाढवून भरून काढता येतो. घासलेल्या काचेने काम भागत नाही, ती प्रकाश पुरेसा विखुरत नाही.

भरदुपारच्या उन्हात उलट अडचण येते. ०.५ गेन ठेवूनही सेन्सर टेकतो. थर वाढवा, वेळ कमी करा. उन्हात आणि जुन्या तारेच्या बल्बखाली अवरक्त प्रकाशही भरपूर असतो आणि त्यातला थोडा दृश्य चॅनलमध्ये गळतो. अचूकता हवी असेल तर समोर अवरक्त अडवणारी काच लावा, अर्थात मग अवरक्त चॅनल हातचा जातो.

पावसाळ्यात बाहेर ठेवणार असाल तर डबी घट्ट बंद करून आत सिलिका जेलची पुडी टाका. खिडकीच्या आतल्या बाजूला धरलेलं बाष्प रंगपट बिघडवतं आणि ते बाहेरून दिसतही नाही.

सेन्सर ठीक आहे हे कसं ओळखू?

घरातल्या वस्तू पुरतात. मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण लाल, हिरवं, निळं चित्र लावा आणि शिखर योग्य चॅनलवर जातं का बघा. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो, बटण दाबलं की अवरक्त चॅनल उसळला पाहिजे (गाळणं नसल्यामुळे क्लिअरही थोडा वाढेल). एखादा जुना सीएफएल दिवा उरला असेल तर तो जपून ठेवा: पाऱ्याची ४३५.८ची रेषा एफ२मध्ये, ५४६.१ची एफ५मध्ये पडते आणि ६११च्या आसपासचं तांबडं एफ६ व एफ७ दोघांत वाटलं जातं. मात्र या आठ बिंदूंमधून गुळगुळीत वक्र काढून त्याला ‘सीएफएलचा रंगपट’ म्हणू नका. त्या वक्रात रेषांच्या मधल्या रिकाम्या जागा भरून दिसतात. स्तंभालेखच काढा.

द्रावणाची तीव्रता मोजता येते का?

येते, आणि शाळा-कॉलेजसाठी याहून चांगला प्रयोग नाही. पोटॅशियम परमँगनेटपासून सुरुवात करा. त्याची शोषणाची शिखरं ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरला आहेत, म्हणजे एफ४ आणि एफ५च्या टप्प्यात.

१०० मिलिग्रॅम परमँगनेट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर करा. त्यातले १०, २०, ३०, ४० मिलिलिटर घेऊन प्रत्येकी १०० मिलिलिटर करा, म्हणजे लिटरला १० ते ४० मिलिग्रॅमची चार द्रावणं झाली. १० मिलिमीटर रुंदीच्या क्युवेटच्या (द्रावण ठेवायच्या सपाट बाजूंच्या पारदर्शक भांड्याच्या) एका बाजूला पांढरा एलईडी, समोर सेन्सर, बाकी सगळं काळ्या डबीत. आधी अंधार, मग नुसतं पाणी, मग द्रावणं, पातळपासून गडदकडे. दोन्ही वाचनांतून अंधार वजा करून

शोषण = लॉग१० (पाणी ÷ द्रावण)

काढा आणि तीव्रतेसमोर मांडा. रेघ जवळजवळ सरळ येईल, पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा उतार कमी असेल, कारण खिडकी रुंद असल्याने शिखराबरोबर त्याच्या उतारांचीही सरासरी होते. शोषण १च्या पुढे गेलं की रेघ वाकते. डबीतून २ टक्के प्रकाश द्रावणाला वळसा घालून सेन्सरपर्यंत पोचत असेल तर कितीही गडद द्रावण घेतलं तरी शोषण १.७च्या वर दिसणार नाही. रेघ लवकर वाकली तर रसायनाला दोष देण्याआधी डबीच्या फटी बुजवा.

द्रावण त्याच दिवशी करा, ते ठेवल्यावर तपकिरी होतं. हातमोजे घाला. क्युवेटच्या ज्या बाजूंतून प्रकाश जातो त्यांना बोट लावू नका.

मोरचूद घेऊन हाच प्रयोग करणारे बरेच जण अडकतात. मोरचुदाचं मुख्य शोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि पांढऱ्या एलईडीत तो प्रकाशच नाही. तिथे छोटा हॅलोजन बल्ब लावा आणि एफ८ व अवरक्त चॅनल बघा.

आंबा पिकला का, हे कळेल?

सालीतल्या हरितद्रव्याबद्दल कळेल. ते ६८० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं, म्हणून कच्च्या हापूसचा एफ८ दबलेला असतो आणि पिकताना वर येतो. पांढऱ्या एलईडीत ६८०ला प्रकाश तुटपुंजा असतो, हॅलोजन घ्या किंवा जोडीला ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी लावा. एफ८ला एफ६ने किंवा अवरक्त चॅनलने भागलं तर अंतराचा परिणाम बराचसा कटतो. एकाच फळाच्या तीन जागा मोजा, उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू वेगळी असते. आतला साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) मात्र यातून दिसत नाही, कारण सेन्सर साल बघतो, गर नाही.

झाडांच्या दिव्यांसाठी प्रकाशाचं खरं एकक मिळेल का?

थेट नाही. आठही चॅनल ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा बऱ्यापैकी झाकतात, पण आकडे एककहीन असतात. एकदा कॅलिब्रेट केलेल्या क्वांटम मीटरशेजारी (झाडांना उपयोगी प्रकाश मोजणारं, आकडे आधीच ताडून घेतलेलं यंत्र) ठेवून, त्याच दिव्याखाली, चार-पाच वेगवेगळ्या तीव्रतांना जोडवाचनं घ्या आणि गुणक काढा. दिवा बदलला की गुणक नव्याने काढावा लागतो.

नोंदी ठेवताना काय लिहायचं?

प्रत्येक ओळीत वेळ, गेन, एटाइम, एएस्टेप, एलईडीचा प्रवाह, सगळे बारा कच्चे आकडे आणि मर्यादेला टेकल्याची खूण. भागाकार करून आलेली उत्तरं नंतर पुन्हा काढता येतात, पण न लिहिलेला गेन परत मिळत नाही. पांढऱ्याचं आणि अंधाराचं वाचन रोज सुरुवातीला आणि शेवटी घ्या. दोन्हींत फरक पडला असेल तर त्या दिवसाच्या आकड्यांमध्ये किती चूक आहे ते तिथेच कळतं.

दुधातली भेसळ, सोन्याची शुद्धता, रक्तातलं काही?

सोनं आणि रक्त नाही. दुधात रंग मिसळला असेल तर तो रंग दिसेल, पाणी किंवा युरिया दिसणार नाही. पाण्यातल्या नायट्राइटसाठी मिळणारं गुलाबी रंगाचं परीक्षण मात्र चांगलं जमतं, कारण तो रंग ५४० नॅनोमीटरला शोषतो आणि एफ५ तिथे पोचतो. ज्ञात तीव्रतेच्या निदान पाच द्रावणांवर स्वतःची रेघ काढा आणि पिण्याच्या पाण्याचा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्या.